हापशाच्या पाण्याचा पंचनामा

खैरदरा, ता. कर्जत
३ नोव्हेंबर २०२४

चि. सृष्टी,
सप्रेम जयभीम.

तू गेल्या महिन्यात दिलेल्या वीस पट्ट्यांपैकी चार वापरल्या. दोन उजळ राहिल्या आणि दोन विझल्या. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘हो हो आत्या’ म्हणतेस आणि विसरतेस. जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक म्हणून दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं, तेव्हापासून माझा नुसत्या बोलण्यावर विश्वास नाही. तुझ्या बापाच्या बोलण्यावर तर त्याच्या लहानपणापासून नाही. तेव्हा उत्तर कागदावर पाठव.

काय केलं ते सांगते. भर दुपारी दार लावलं, खिडकीवर घोंगडी टाकली आणि तुझा जांभळा टॉर्च पेटवला. कोरडी पट्टी हिरवीगार चमकली. गावठाणातल्या टाकीचं पाणी कपात घेऊन त्यात पट्टी बुडवली, तरी ती तशीच चमकत राहिली. मग आपल्या वस्तीच्या हापशाच्या पाण्यात दुसरी बुडवली. अर्ध्या मिनिटात काजळी धरल्यासारखी काळी. पुन्हा दोन्हीकडच्या पाण्यात एकेक पट्टी घातली. तेच.

आता मला यात नवल वाटलं नाही. तीन वर्षांपूर्वी ओढ्याच्या वरच्या अंगाला सरपंच कल्याणरावांच्या मेहुण्याने भट्टी घातली, तू बघितलीस. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात, आतलं शिसं वितळवतात आणि उरलेलं आंबट पाणी ओढ्यात सोडतात. ओढ्याच्या खालच्या अंगाला काय आहे? आपली वस्ती आणि आपला हापसा. बत्तीस घरं त्यावर पितात. टाकीची पाइपलाइन वस्तीकडे यायची होती, ती समाजमंदिराच्या अलीकडे शंभर फुटांवर थांबली आहे. मी निवृत्त होऊन इथे घर बांधलं तेव्हाही ती तिथेच थांबलेली होती.

शेजारच्या लंकाबाईची सून दीपा पाच महिन्यांची गरोदर आहे. गेल्या वर्षीचं चौथ्या महिन्यात गेलं. ते पाण्याने गेलं असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या लेकरापर्यंत जातं हे तूच माझ्या ओट्यावर बसून सांगितलंस. ती पोरगी रोज हेच पाणी पिते. मला एवढंच हवंय की तिचं बाळंतपण होण्याआधी या वस्तीला दुसरं पाणी मिळावं.

गुरुवारच्या एस.टी.ने हापशाच्या पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली पाठवते आहे. तुमच्या मोठ्या मशीनवर घाल. चौदा तारखेला ग्रामसभा आहे. त्याआधी एका ओळीत उत्तर दे: पट्टी काळी पडली म्हणजे शिसं, हो की नाही?

तुझी,
ज्योतीआत्या

ता. क. पट्ट्यांबरोबरच्या कागदावर तू जे मराठी लिहिलं आहेस ते वाचून आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी तुला बाकावर उभं केलं असतं. आणि त्या तर केरळच्या होत्या.

* * *

पुणे
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझी बाटली मिळाली. बूच नीट होतं, थेंबही सांडलेला नाही.

एका ओळीत उत्तर देता येत नाही, पण सोपं करून सांगते. पट्टीवर जो लेप आहे तो एका लांबलचक रेणूचा आहे, पॉलिमरचा. एकाच दोऱ्यात हजारो कड्या ओवलेल्या. जांभळा प्रकाश पडला की त्या कड्या हिरव्या चमकतात. त्या दोऱ्याला आम्ही जागोजागी आकडे लावले आहेत, आणि पाण्यातलं शिसं त्या आकड्यांत अडकतं. लग्नमंडपात दिव्यांची माळ असते ना, तिच्यातला एक दिवा गेला की कधी कधी अख्खी माळ जाते. तसंच आहे. एका ठिकाणी शिसं बसलं की दोऱ्यातल्या शेकडो कड्यांचा उजेड जातो. म्हणून अगदी थोडं शिसं असलं तरी पट्टीला कळतं. आमच्या कामातली गंमत तीच आहे.

तेव्हा हो, पट्टी काळी पडली म्हणजे बहुतेक शिसं. पण पट्टी ही वास आल्यासारखी असते. काहीतरी आहे एवढं ती सांगते. किती आहे ते मशीनच सांगतं. मशीनवर रांग आहे, दोन आठवडे तरी लागतील. तोवर ग्रामसभेत बोलू नकोस, प्लीज.

एक विचारायचं होतं. पाणी थेट हापशातून प्लास्टिकच्या बाटलीत भरलंस ना? मध्ये कुठे भांड्यात ठेवलं नव्हतंस ना?

आणि आत्या, कुठे बोलायची वेळ आलीच तर माझं आणि आमच्या संस्थेचं नाव घेऊ नकोस. काही विशेष नाही, नियम असतात. दीपावहिनींना तोवर टाकीचं पाणी द्यायला सांग.

तुझी,
सृष्टी

* * *

खैरदरा
१६ नोव्हेंबर २०२४

चि. सृष्टी,
सप्रेम जयभीम.

मी बोलले. रागावू नकोस. दोन आठवडे थांब म्हणतेस, पण ते दोन आठवडे कोणाच्या पोटात जातायत ते बघ.

ग्रामसभेला चाळीसेक माणसं होती, त्यांतल्या बायका सात. विषयपत्रिकेत पाणी शेवटचं होतं, म्हणजे लोक चहा पिऊन उठतात तेव्हाचं. मी आधीच उभी राहिले. वस्तीच्या हापशात शिसं आहे, मी स्वतः तपासलं आहे, पुण्याची प्रयोगशाळाही तपासते आहे, तेव्हा हापसा बंद करा आणि पाइपलाइनचे राहिलेले शंभर फूट पुरे करा, असं मुद्देसूद सांगितलं. कल्याणराव हसले. म्हणाले, “बाई, तुम्ही कोर्टात टाइप करत होता. डॉक्टर कधी झाला?”

मी पिशवीतून काचेचा ग्लास काढला. त्यात हापशाचं पाणी ओतलं, त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, “डॉक्टर मी झाले नाही. तुम्ही पाणी प्या, म्हणजे मी खाली बसते.”

त्यांच्यासमोर विकतची बाटली होती. त्यांनी ग्लासाकडे बघितलं, ग्रामसेवकाकडे बघितलं आणि पुढचा विषय घेतला. मागे बसलेल्या बायकांपैकी कोणीतरी खुदकन हसलं. ग्लास सभा संपेपर्यंत तिथेच होता. इतिवृत्तात ग्लासाची नोंद करा म्हटलं तर ग्रामसेवकाने पेन खिशात घातलं.

शेवटी तालुक्याकडून नमुना तपासून घेऊ असं त्यांनी कबूल केलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी माणूस येऊन पाणी घेऊनही गेला. बघ, बोलल्याशिवाय काही हलत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पाणी तू सांगितलं तसंच भरलं. तुझं नाव घेतलं नाही. संस्थेचंही नाही, फक्त पुणे म्हटलं. पुण्यात काय एकच प्रयोगशाळा आहे?

दीपाला टाकीचं पाणी द्या म्हणतेस. ती टाकी पाऊण मैल लांब आहे आणि लंकाबाई सकाळी सहाला कांद्याच्या खुरपणीला जाते. दीपा स्वतः आणते म्हणाली तर सासू ओरडते, अशा दिवसांत डोक्यावर हंडा घेऊ नको म्हणून. तू प्रयोगशाळेतून सल्ले दे, मी इथून भांडते. मशीनचं काय झालं ते कळव.

तुझी,
ज्योतीआत्या

* * *

पुणे
२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं आहे. आता जसं येईल तसं लिहिते.

मशीनचा निकाल आला. तुझ्या बाटलीत शिसं जवळजवळ नाही. चालण्याजोग्या मर्यादेच्या खूप खाली. पण तांबं भरपूर आहे, इतकं की ते हापशाच्या पाण्यात कुठून आलं तेच कळेना. हापशाचा पाइप लोखंडी, बाटली प्लास्टिकची. म्हणून परत विचारते आणि या वेळी खरं सांग. ते पाणी कशात होतं?

आता माझं खरं. आमची पट्टी तांब्यानेही विझते. शिशापेक्षा लवकर विझते. आकडे शिशासाठी म्हणून बनवले, पण तांबं त्यात जाऊन बसतं. हे मला मे महिन्यापासून माहीत आहे. आमचे सर म्हणतात, आपण शोधनिबंधात शिशाचा आलेख दाखवू, तांब्याचं पुढच्या निबंधात बघू. मीही गप्प बसले. तुझ्या ओट्यावर पट्ट्या दाखवताना तू आणि वस्तीवरच्या बायका इतक्या कौतुकाने बघत होता, की तेव्हा माझ्याने ते बोलवलं नाही.

आणखी एक लपवलं. पट्ट्या बाहेर द्यायला सरांची परवानगी नव्हती. पेटंटचा अर्ज व्हायचा आहे. तुमच्याकडच्या कोणीतरी पुण्यातल्या तीन-चार संस्थांना फोन करून विचारलं, आणि त्यातला एक आमच्याकडे आला. सरांनी मला बोलावून घेतलं. मशीनच्या खोलीची माझी किल्ली काढून घेतली आहे. ‘पट्ट्या अप्रमाणित होत्या आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत’ असं मी लिहून द्यावं असं त्यांचं म्हणणं आहे.

मी अजून दिलेलं नाही. पण आत्या, निष्कर्ष चुकीचा आहेच ना?

सृष्टी

* * *

खैरदरा
९ डिसेंबर २०२४

चि. सृष्टी,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर जेवले नाही. उपास म्हणून नाही, संतापाने. अर्धा संताप तुझ्यावर होता. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते कळत नव्हतं, कारण तो माझ्यावर होता.

मी हापशावर गेले नव्हते. माझा डावा गुडघा दसऱ्यापासून धरला आहे आणि उतारावरून मला खाली जाता येत नाही. हे मी तुझ्या बापाला सांगितलेलं नाही, नाहीतर तो मला नगरला घेऊन जाईल आणि डॉक्टरांसमोर बसवेल. टाकी एस.टी. थांब्यापाशी आहे, तिचं पाणी मी मिरजगावच्या बाजाराहून येताना स्वतः बाटलीत भरलं. हापशाचं मात्र लंकाबाईला आणायला सांगितलं. तुला लिहिलं, तू सांगितलं तसंच भरलं. ते खोटं होतं.

तुझं पत्र आल्यावर लंकाबाईला बोलावलं आणि पाणी कसं आणलंस ते पहिल्यापासून सांग म्हटलं. तिने अगदी अभिमानाने सांगितलं.

“हापशाचं पानी गढूळ येतंय, बाई. बादलीत घेतलं, तुरटी फिरवली. खाली गाळ बसला तसं वरचं निवळ पानी दुपदरी फडक्यातनं गाळलं. मंग सासूबाईच्या तांब्याच्या कळशीत भरलं आन् रातभर ठिवलं. कळशी चिंच लावून घासली हुती, तोंड दिसत हुतं तिच्यात.”

मी विचारलं, अगं पण एवढं सगळं का केलंस, मी नुसतं पाणी आण म्हटलं होतं.

“पुन्याला जायचं पानी ते. तसंच गढूळ द्यायचं व्हय? तिथली मान्सं म्हनली असती, वस्तीवरची लोकं असलं पानी पित्यात.”

सृष्टी, पाहुण्याला देतात तसं तिने पाणी दिलं. आपली अब्रू तिने कळशीत भरून पाठवली. आता तूच सांग, तुरटीने गाळ खाली बसला तेव्हा त्याच्याबरोबर शिसंही खाली बसलं असेल का? आणि चिंचेने लख्ख झालेल्या कळशीतून रात्रभर तांबं उतरलं असेल का? माझ्या डोक्यात एवढंच येतं की जे शोधायचं होतं ते तिने काढून टाकलं आणि जे नव्हतं ते घातलं. तसं असेल तर निष्कर्ष चुकीचा नाही. निष्कर्ष अजून निघालेलाच नाही.

एकतीस वर्षं मी पंचनामे टाइप केले. जप्त केलेला चाकू कुठल्या फडक्यात गुंडाळला, लाखेवर कोणाचा शिक्का होता, एवढ्यावरून सुटलेली माणसं मी बघितली आहेत. आणि माझ्या हातून हे व्हावं.

परवा कल्याणराव स्वतः घरी आले. तालुक्याचा अहवाल आला होता, ‘पाणी पिण्यास योग्य’. मी तो पूर्ण वाचला. जंतू, क्षार, नायट्रेट, रंग, वास. शिशाचा रकानाच नाही. त्यांनी सोबत एक कागद टाइप करून आणला होता: ‘हापशाचे पाणी चांगले असून मी गैरसमजातून आरोप केला, याबद्दल दिलगीर आहे.’ मला म्हणाले, “सही करा आणि मोकळ्या व्हा. तुमचं वय झालंय, लोक समजून घेतील.”

मी चष्मा लावला, तो मजकूर खोडला आणि खाली हाताने लिहिलं: ‘मी तपासलेले पाणी माझ्या चुकीमुळे हापशाचे राहिले नव्हते. त्यावरून मी काढलेला निष्कर्ष मी मागे घेते. हापशाचे पाणी शिशासाठी अजून कोणीही तपासलेले नाही. ग्रामपंचायतीनेही नाही.’ त्याखाली सही केली. तारीख घातली. त्यांना तो कागद नको होता. मी त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि एक ग्रामपंचायतीच्या फलकावर स्वतः चिकटवली. गावात दोन दिवस माझी चेष्टा चालली आहे. कळशीची गोष्ट सगळ्यांना कळली, पोरं मला ‘तांब्याची बाई’ म्हणतात. म्हणू देत. चूक कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाज कशाची वाटली तर स्वतःच्या गुडघ्यासाठी दुसऱ्या बाईला उतारावर पाठवल्याची.

आता ऐक. आज सकाळी मी खाली गेले. काठी घेऊन, एका बाजूला लंकाबाई आणि दुसऱ्या बाजूला दीपा. दीपाला नको म्हटलं तर ती म्हणाली, “माझ्यासाठीच चाललंय, मग मी घरी बसून काय करू?” हापसा पाच मिनिटं नुसता चालवला. मग धारेखाली कोऱ्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळून भरल्या. तुरटी नाही, फडकं नाही, कळशी नाही. बुचावर लाख, लाखेवर माझ्या जुन्या मोहरेचा ठसा. पंचनामा जोडला आहे. वेळ, ठिकाण, हजर माणसं, पाच सह्या आणि दोन अंगठे. पहिली सही लंकाबाईची. ती गेल्या वर्षी साक्षरता वर्गात शिकली आहे. तिला सही करायला मिनिटभर लागलं आणि हापशावर जमलेल्या सगळ्या बायका थांबल्या.

तुझ्या सरांना काय लिहून द्यायचं ते तू ठरव. तू तांब्याचं लपवलंस, मी गुडघ्याचं. आता बाटली तुझ्याकडे येते आहे. तिचं जे करशील ते मला लेखी कळव.

ज्योतीआत्या

* * *

पुणे
२३ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो. तुरटीचा गाळ खाली बसताना शिसं आपल्याबरोबर ओढून नेतो, हे आमच्या पुस्तकातच आहे. आणि चिंचेच्या आंबटाने घासलेलं तांबं पाण्यात सहज उतरतं. लंकाकाकूंच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. तुझं पत्र वाचून मी जरा रडले, पण ते असो.

सीलबंद बाटली घेऊन मी आधी सरांकडे गेले. पंचनामा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, ही लाख कोणी लावली? मी म्हटलं, माझ्या आत्याने. म्हणाले, “नमुना चांगला घेतलाय. पण आमच्या मशीनवर नाही.” पेटंट होईपर्यंत खैरदरा हे नाव आमच्या कुठल्याही वहीत येता कामा नये, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी त्यांच्यासमोर बसून दोन ओळी लिहून दिल्या. पण त्यांना हव्या होत्या त्या नाही. ‘ही पट्टी शिशाने विझते आणि तांब्यानेही विझते. हे मला मे महिन्यापासून माहीत आहे आणि माझ्या प्रबंधात मी ते लिहिणार आहे.’ तुझ्यासारखीच खाली तारीख घातली.

प्रबंध आता जूनमध्ये जमा होणार नाही. कधी होणार ते सर सांगत नाहीत. बाबांना अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. मी सांगेन.

मग तीच बाटली घेऊन मी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेले, साध्या रांगेत, स्वतःच्या नावाने. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर लाख फोडली आणि पंचनाम्यावर तशी नोंद केली. अहवाल सोबत आहे. लिटरमागे शिसं शून्य पूर्णांक शून्य चार सहा मिलिग्रॅम. मर्यादा शून्य पूर्णांक शून्य एक. म्हणजे साडेचार पटीहून जास्त. तांबं नगण्य.

दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यात मी पट्टी बुडवून बघितली. ती कळशीच्या पाण्यात झाली तशी काळी झाली नाही. सावकाश मंदावली, वात खाली केल्यासारखी. खरं शिसं असं दिसतं, आत्या. हे मला प्रयोगशाळेत नाही, तुझ्या बाटलीत कळलं.

कोणी पाणी उकळून प्या म्हटलं तर ऐकू नका. उकळल्याने शिसं जात नाही. दीपावहिनींची रक्ततपासणी नगरच्या सिव्हिलला करून घ्या. आणि त्या हापशाचा थेंबही नको, आजपासून.

या वेळी माझं नाव घे. पूर्ण घे.

तुझी,
सृष्टी सुनील भिंगारदिवे

* * *

खैरदरा
१४ जानेवारी २०२५

चि. सृष्टी,
सप्रेम जयभीम.

अहवाल मिळाला त्याच दिवशी वस्तीतल्या बायका समाजमंदिरात जमल्या. मी वाचून दाखवला.  लंकाबाई उठली, नवऱ्याचा मोठा पाना घेऊन खाली गेली आणि हापशाच्या दांड्याचा बोल्ट काढून दांडा खांद्यावर टाकून घेऊन आली. दांडा आता समाजमंदिराच्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे.

कल्याणराव म्हणाले, ही सरकारी मालमत्तेची मोडतोड आहे, मी तक्रार करतो. मी म्हटलं, करा, आणि तक्रारीला हा अहवाल जोडा. मग ते म्हणाले की टँकर मागवायला तालुक्याचा अहवाल आड येतो, कारण त्यात पाणी योग्य आहे.

तर आम्ही टँकरची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बत्तीस घरांतल्या बायका गावठाणातल्या टाकीवर गेल्या. टाकी ग्रामपंचायतीला लागूनच, म्हणून तिच्या दारासमोर रांग लावली, सगळ्यात पुढे माझी खुर्ची. आमच्यामुळे गावाचं पाणी कमी पडेल, असं एकजण बोलला. आमच्या वाट्याचा पाइप शंभर फूट अलीकडे थांबवलाय तो पुढे न्या, म्हणजे आम्ही इथे दिसणार नाही, असं त्याला दीपाने सांगितलं. मी नाही, दीपाने. सात महिन्यांचं पोट घेऊन ती कठड्याला टेकून उभी होती आणि तिच्या हातात नुसता एक तांब्या होता, कारण सासूने हंडा उचलू दिला नव्हता. बायकांनी हंडे भरून घेतले. आम्ही गेले अठरा दिवस रोज जातो. सकाळी सात ते नऊ ग्रामपंचायतीच्या दारातून आत जायचं तर आमच्या रांगेतून वाट काढावी लागते.

तिचं रक्त तपासलं. शिसं आहे, पण डॉक्टर म्हणाले फार वाढलेलं नाही, वेळेवर आलात. बाळाचे ठोके नीट आहेत. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं आहे. हे ऐकून लंकाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली ती उठेचना. मी तिच्याशेजारी बसले. मग मलाच उठता येईना आणि दीपाने आम्हा दोघींना हात दिला. गुडघ्याचं सुनीलला आता कळलेलं आहे, तेव्हा तू तुझं सांगून टाक. तो ओरडेल आणि दुसऱ्या दिवशी तुला लाडू पाठवेल.

नवव्या दिवशी तालुक्याची जीप आली. अहवाल, पंचनामा आणि माझा फलकावरचा कागद, तिन्ही त्यांच्या फाइलला लावून घेतले. साहेब म्हणाले, चूक आधी स्वतःहून कबूल केली आहे म्हणून पुढचं मी वाचतो. हापसा लाल रंगवला, एक दिवसाआड टँकर सुरू झाला, पाइपलाइनच्या शंभर फुटांसाठी चर खणायला परवा माणसं आली. भट्टी बंद केली आहे असं सांगतात. धूर तेवढा कोणी बंद केलेला नाही. तो मी रोज तारीख घालून वहीत टिपते.

पण हे पत्र मी काल जे झालं त्यासाठी लिहिते आहे.

काल दुपारी कल्याणरावांची बायको राहीबाई माझ्याकडे आली. मागच्या वाटेने, डोक्यावरून पदर पुढे ओढून. पिशवीतून बाटली काढून ओट्यावर ठेवली. त्यांची विहीर ओढ्याच्या काठावर आहे, आपल्या हापशापासून दोन शेतं खाली. म्हणाली, “आमच्या इहिरीचं हाय. धाकट्या नातवाला मी ह्याच पान्यात दूध मिसळून देते. सारखं पोट धरतंय. तेवढं बघून सांगा, पर घरी कळू देऊ नका.”

मी तिला म्हटलं, बाटली परत ने. कोणी भरली, कशात भरली हे मला माहीत नसलेलं पाणी मी आता तपासत नाही. एकदा तपासलं, पुरे झालं. मी विहिरीवर येते, उघड येते, आणि तू सही करायची. ती घाबरली.  मग पदर मागे सारला आणि म्हणाली, चला.

लंकाबाई, मी आणि राहीबाई, तिघी गावाच्या मधल्या रस्त्याने गेलो. कल्याणराव विहिरीपाशी बाजेवर बसले होते. आम्हाला बघून उठले आणि विचारलं, “कोणाला विचारून आलात?”

राहीबाई म्हणाली, “मला. इहीर माझ्या नावावर हाय. तुमी बसा.”

ते बसले नाहीत, पण आडवेही आले नाहीत. मी मोटार पाच मिनिटं चालवायला सांगितली, बाटल्या तीनदा विसळल्या, भरल्या, लाख लावली. मग विहिरीजवळच्या त्यांच्या धान्याच्या खोलीत दार लावून टॉर्च पेटवला, काचेच्या पेल्यात थोडं पाणी घेतलं आणि पट्टी बुडवली. कल्याणराव माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. पट्टी आधी चमकत राहिली, त्यामुळे त्यांनी मोठा श्वास सोडला. मग ती सावकाश मंदावत गेली, तू लिहिलंस तशी.  बाहेर तो नातू कुत्र्याशी खेळत होता, त्याचा आवाज येत होता.

पंचनामा मी तिथेच पोत्यावर बसून लिहिला. राहीबाईने पंच क्रमांक एक म्हणून सही केली. दुसऱ्या पंचाची जागा रिकामी होती. लंकाबाईने पुढे हात केला, तर राहीबाईने तिला थांबवलं आणि कागद नवऱ्यापुढे धरला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. मी चष्मा पुसत बसले. मला घाई नव्हती.

बाटल्या आजच्या एस.टी.ने पाठवते आहे. पहिल्यासारखीच रांगेत उभी राहा आणि स्वतःच्या नावाने दे. लाख फोडण्याआधी त्या बाईंना पंचनामा पूर्ण वाचायला लाव. पंच क्रमांक दोनची सही कल्याणरावांची आहे. नाव स्वच्छ वाचता येतं.

तुझी,
ज्योतीआत्या